ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं: तिसऱ्यांदा डिस्क घेण्याआधी हे तपासा

तक्रार अशी. ८०-९० च्या वेगात गाडी मस्त सरळ चालते. ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं, पेडल पायाला बारीक धक्के देतं आणि वेग ४० च्या खाली आला की सगळं शांत. डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीला, लेथवर फेस मारून (तिची घासणारी बाजू तासून सपाट करून) घेतला की बरं होतं. नवी डिस्क टाकली तर आणखी बरं होतं. आणि मग पाच-सहा हजार किलोमीटरवर पुन्हा तेच.

माझ्या फोर बाय फोरला हे दोन वर्षांत तीनदा झालं. गाडीचं नाव घेत नाही, कारण शेवटी दोष गाडीचा निघालाच नाही. राहायला सोलापुरात, डाळिंबाची बाग मंगळवेढ्याच्या पुढे. आठवड्यातून दोन फेऱ्या, त्यात शेवटचे चार किलोमीटर काळ्या रानातले. महिन्यातून एखादी पुण्याची चक्कर. म्हणजे गाडीला हायवेही आहे आणि चिखलही.

पहिल्या वेळी मेकॅनिक म्हणाला, "मालक, डिस्क वाकलीय, फेस मारून घेऊ." मारला. दुसऱ्या वेळी म्हणाला, फेस मारून डिस्क पातळ झाली म्हणून लगेच तापते, नवीन टाका. स्वस्तातली जोडी टाकली, तिला आवळणारे पॅडही नवे. तिसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला, स्वस्तातली घेतली म्हणून असं झालं, आता भारी घ्या. इथे मात्र मी थांबलो. तिन्ही वेळी सल्ला देणारा ठाम होता आणि तिन्ही वेळी कुणीही काहीही मोजलं नव्हतं.

आधी दुखणं ब्रेकचंच आहे का

हे वाचून लगेच चाक खोलू नका. पावसाळ्यात रानातून आल्यावर गाडी थरथरत असेल तर आधी रिमच्या आत हात घालून बघा. आपल्याकडची काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. अर्धा किलोचं ढेकूळ एका बाजूला चिकटलेलं असेल तर कुठलीही गाडी थरथरणारच. पण ही थरथर ब्रेक न दाबताही असते आणि वेग वाढला की वाढते. ब्रेकची थरथर ब्रेक दाबल्यावरच येते. एवढा एक फरक ओळखला तरी निम्मे लोक डिस्कच्या खर्चातून वाचतील.

दुसरा घोटाळा फोर व्हील ड्राइव्हचा. ज्या गाड्यांत फोर व्हील आपण लिव्हरने किंवा बटणाने टाकतो, त्यात पुढची-मागची चाकं एकमेकांना घट्ट जोडली जातात. रानातून बाहेर पडून डांबरी रस्त्यावर आल्यावर ते काढायचं विसरलं, की वळणावर गाडी अडखळत, धक्के खात चालते. माझ्या मेव्हण्याने या लक्षणावर ब्रेक पॅड बदलले होते. तेव्हा तपासणी नेहमी टू व्हीलमध्ये.

तिसरं, खडीवर किंवा ओल्या मातीत जोरात ब्रेक मारल्यावर पेडल खडखडत असेल तर तो एबीएस, म्हणजे चाकं अडकू न देणारी यंत्रणा, आपलं काम करतोय. त्याला हात लावू नका.

आता पुढचं की मागचं? थरथर स्टेअरिंगमध्ये जास्त जाणवते तर बहुधा पुढचं, सीटखाली किंवा फ्लोअरला जाणवते तर मागचं. मागे डिस्कऐवजी ड्रम असतील तर मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही बघून, ४० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढायचा. त्यात थरथर आली तर ड्रम लंबगोल झालाय, पुढच्या डिस्क बदलून उपयोग नाही. पण जुन्या जीपवाल्यांनी ही चाचणी करू नये. त्यांच्यातल्या अनेक गाड्यांचा हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर) असतो. चालत्या गाडीत तो ओढणं म्हणजे गिअरचे दात मोडायला आमंत्रण.

माझं दुखणं पुढचंच होतं. आणि एक गोष्ट मी तोवर लक्षातच घेतली नव्हती: शेवटच्या दोन्ही वेळी डावीकडची डिस्क उजवीपेक्षा जास्त खराब निघाली होती.

डायल गेज काय म्हणाला

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक लेथवाले काका आहेत. मी तिसऱ्या वेळी फेस मारायला डिस्क घेऊन गेलो तर त्यांनी ती हातातच घेतली नाही. म्हणाले, "डिस्क कशाला आणली बे, गाडी आण." दुसऱ्या दिवशी गाडी नेली. त्यांनी पुढची बाजू घोडीवर घेतली, चाक काढलं, वायसर घालून सगळे व्हील नट परत आवळले, म्हणजे डिस्क हबला, चाक ज्यावर बसतं त्या भागाला, घट्ट बसली. मग चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारा मापक, लावला, त्याचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत टेकवलं आणि डिस्क हाताने सावकाश एक पूर्ण फेरी फिरवली.

उजवीकडे काटा ०.०४ मिलिमीटर हलला. डावीकडे ०.१४.

बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये या डगमगीची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान दिलेली असते. वाचायला हा आकडा चिल्लर वाटतो. आपल्या डोक्याच्या केसाएवढी जाडी, तिने दोन-अडीच टनांची गाडी काय हलणार, असं मलाही वाटलं. पण ती डगमग थेट जाणवत नाही. खरी गंमत पुढे आहे आणि दुखणं पाच-सहा हजारांनी का परत येतं याचं उत्तरही तिथेच आहे.

डिस्क फिरताना जरा आतबाहेर करत असेल, तर ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेरीत तिचा एकच भाग पॅडला पुसटसा घासून जातो. एक फेरी, एक घासा. हायवेवर चाक मिनिटाला सहा-सातशे फेऱ्या घेतं. पुण्याला जाऊन येईपर्यंत तो एकच भाग किती वेळा घासला असेल याचा हिशोब करा. हळूहळू डिस्क त्या जागी पातळ होते, आणि आता जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. मग ब्रेक दाबल्यावर जाड भाग आला की पॅड आवळतं, पातळ भाग आला की सैलावतं. जाडीत अवघ्या दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी पायाला कळायला लागतो. म्हणजे "डिस्क वाकली" हे जे आपण सगळे म्हणतो, ते बऱ्याचदा खरं नसतं. डिस्क वाकत नाही, कुठेतरी झिजते किंवा तिच्यावर कुठेतरी पॅडचा मसाला, म्हणजे त्याचा घासणारा थर, चिकटतो.

फेस मारला की जाडी पुन्हा सारखी होते, थरथर जाते. पण डगमग तशीच असते, कारण ती डिस्कमध्ये नाहीच. ती हबवर आहे. नवी डिस्क त्याच हबवर चढवली की झीज पहिल्या दिवसापासून नव्याने सुरू.

काकांनी नट काढले, डिस्क ओढली आणि हबच्या तोंडावर बोट फिरवून मला दाखवलं. गंजाची खपली, वाळलेल्या मातीचा पापुद्रा. हबचं तोंड डिस्कच्या साधारण निम्म्या व्यासाचं, त्यामुळे हबवर ०.०५ ची खपली असली तर डिस्कच्या कडेला तिची दुप्पट होऊन दिसते. वायर ब्रश आणि एमरी पेपरने तोंड घासलं, बोल्टांच्या बुडाभोवतीचा गंज काढला, डिस्कची आतली बाजूही साफ केली. परत मोजलं तर ०.०८. मग त्यांनी डिस्क काढून एक बोल्ट पुढे सरकवून बसवली: ०.०६. आणखी एक बोल्ट पुढे: ०.०३. हबमध्ये थोडी डगमग असते, डिस्कमध्येही थोडी असते. दोन्ही एकाच दिशेला आल्या की बेरीज होते, विरुद्ध आल्या की एकमेकींना खातात. हे फुकटचं काम आहे, आणि मला आजवर एकाही वर्कशॉपमध्ये कुणी करताना दिसलेलं नाही.

पण मग घाण डावीकडेच का गेली? मला तिथेच उत्तर मिळालं, कारण काकांनी विचारलं, "हिचा स्क्रू कुठाय?"

माझ्या गाडीची डिस्क टोपीसारखी हबवर नुसती बसते, तिला जागेवर धरून ठेवणारे खरे व्हील नटच. पण चाक काढल्यावर ती हलू नये म्हणून कंपनी एक छोटा खोलगट डोक्याचा स्क्रू देते. पहिल्यांदा डिस्क काढताना तो गंजून अडकला होता, मेकॅनिकने ड्रिल मारून उडवला आणि परत घातला नाही. उजवीकडचा निघाला होता, तो जागेवर होता. आता मंगळवेढ्याच्या रानातली वाट डोळ्यांसमोर आणा. बांधाला बाभळी, त्या डाव्या हाताला. माझी पंक्चरं दहातली सात पुढच्या डाव्या चाकाची. दर पंक्चरला चाक निघणार, चाक निघालं की स्क्रू नसलेली डिस्क हबवरून कलणार, मागच्या फटीत गंज आणि माती पडणार, आणि वरून पंक्चरवाला चार फुटी पाइप लावून एकाच बाजूचे नट आधी करकचून आवळणार. बाभळीचा काटा टायरमध्ये घुसत होता आणि मी पैसे ब्रेकला घालत होतो.

मग डिस्क घ्यायची की नाही

साफसफाईनंतरही माझी डावी डिस्क गेलेलीच होती. डिस्कच्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडी कोरलेली असते, ती गंजाखाली लपते, ब्रशने घासून वाचा. माझी नवी असताना २६ मिमी, किमान २४. म्हणजे सगळं आयुष्य दोन मिलिमीटरचं, दोन्ही बाजूंना एकेक. दोनदा फेस मारला तर त्यातलं काय उरणार? जाडी मोजताना साध्या व्हर्नियरने फसगत होते, कारण डिस्कच्या बाहेरच्या काठावर न झिजलेली कड उभी राहते आणि व्हर्नियरचे जबडे तिच्यावरच टेकतात. मायक्रोमीटर वापरा, काठापासून सेंटिमीटरभर आत, आठ ठिकाणी. आठांत ०.०२ पेक्षा जास्त फरक असेल तर थरथरीचं कारण हातात आलं.

निळे-काळे डाग दिसले तर मात्र फेस मारायच्या भानगडीत पडू नका. डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. एखाद्या जागी पॅडचा मसाला चिकटून ती जागा फार तापली की तिथल्या बिडाची घडणच बदलते आणि तो ठिपका आजूबाजूपेक्षा कडक होतो. हा कडकपणा वरवरचा नसतो. लेथचं टूल तिथे उडी मारतं, फेस मारल्यावरही ठिपका शिल्लक राहतो, आजूबाजूचं बीड झिजतं आणि तो उंचवटा होऊन परत येतो.

नवी घेताना जोडीनेच घ्या, डावी-उजवी एकत्र. एक बदलून दुसरी ठेवली तर ब्रेक एका बाजूला ओढू शकतो. आतल्या फटींच्या पट्ट्या, म्हणजे हवा खेळण्याच्या नळ्या, सरळ आहेत की वळणदार ते बघा. वळणदार असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते. अदलाबदल झाली तरी बसते, फक्त हवा नीट खेचत नाही. टोपीपासून घासणाऱ्या पृष्ठापर्यंतची खोली जुन्या डिस्कशी जुळवून पाहा, कारण एकाच गाडीच्या दोन वेगळ्या वर्षांच्या मॉडेलमध्येही ती बदललेली असते. आणि दुकानदार "सगळ्याला बसते" म्हणाला की डिस्क काउंटरवर ठेवून बाहेर पडा.

भोकांच्या आणि चरांच्या डिस्कबद्दल सारखं विचारलं जातं. भोकांची घेऊ नका. दिसायला झकास, पण आपल्या काळ्या चिखलात भोकं लिंपली जातात, आणि वजनदार गाडीत तापून-थंड होऊन भोकाच्या कडेपासून तडे सुरू होतात. चरांची डिस्क मात्र विचार करण्यासारखी आहे. चर पॅडच्या तोंडावरची माती आणि जळका थर खरवडत राहतात. त्याची किंमत म्हणून पॅड लवकर झिजतात आणि ब्रेक दाबताना घरघर ऐकू येते. माझ्यासारख्या आठवड्यातून दोनदा रानात जाणाऱ्याला साधी, हवेशीर, कंपनीच्या मापाची डिस्क पुरते. जास्त कार्बनच्या बिडाची मिळाली तर ती घ्या. असं बीड उष्णता पसरवतं चांगलं आणि थरथर-कर्कश आवाज दाबतं. त्यावर खर्च केलेले पैसे मला पटतात, भोकांवरचे नाही.

हेही सांगायला हवं की सगळ्या गाड्यांची डिस्क अशी टोपीसारखी नसते. कित्येक जुन्या, चॅसिसवाल्या फोर बाय फोरना डिस्क हबच्या मागच्या बाजूने बोल्टने जोडलेली असते. ती काढायची तर लॉकिंग हब, बेअरिंग, सील सगळं उतरवावं लागतं. तिथे डिस्कबरोबर सील नवे घ्या, बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरा आणि बेअरिंगचा ताण मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या. बेअरिंग ढिलं राहिलं तर डायल गेजचा काटा नाचेल आणि दोष पुन्हा डिस्कवरच येईल. कुठल्याही गाडीत डगमग मोजण्याआधी चाक वर-खाली धरून हलवून बघायचं ते याचसाठी.

पॅड: इथे घाई करू नका

पॅड निवडण्याआधी त्याच्यावर काय बेतणार आहे ते बघू. माझी गाडी माणसं-खतं-क्रेट धरून २,५०० किलोच्या घरात. १०० च्या वेगात तिच्यात साडेनऊ लाख ज्यूलपेक्षा थोडी जास्त ऊर्जा असते, आणि थांबताना तिची उष्णता होते. त्यातला ७० टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर धरला आणि एकेक डिस्क दहा किलोची धरली, तर एकदा पूर्ण थांबण्यात डिस्क सुमारे ७० अंशांनी तापते. लागोपाठ तीनदा थांबा, शिवाय बाहेर एप्रिलचे ४२ अंश. हजार किलोच्या छोट्या गाडीत ऊर्जेचा आकडा याच्या ४० टक्के. म्हणूनच छोट्या गाडीत वर्षानुवर्षं चाललेलं पॅड आपल्या गाडीत जळतं.

उताराचं गणित आणखी वाईट. दर १०० मीटर उंची नुसत्या ब्रेकवर उतरली तर ती १०० वरून अडीच वेळा थांबल्याइतकी उष्णता. तुळजापूरहून दर्शन करून घाट उतरताना पुढची गाडी सतत लाल दिवा लावून चाललेली दिसते आणि जळका वास येतो, तो हाच. गिअर खाली घ्या, इंजिनला धरू द्या.

आता मसाल्याचे प्रकार. सेंद्रिय म्हणून विकला जाणारा मसाला मऊ असतो. थंड असताना छान पकडतो, आवाज नाही, डिस्कला जपतो. पण तापला की पकड लवकर सोडतो. धातूमिश्रित, ज्याला दुकानात सेमी मेटॅलिक म्हणतात, त्यात लोखंडाचा चुरा-तंतू भरपूर असतात. उष्णता सोसतो, वजनदार गाडीला मानवतो. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला किंचित कुरकुरतो, काळी धूळ सोडतो, डिस्क थोडी जास्त खातो. सिरॅमिक शांत, धूळ कमी, शहरात छान. पण "सिरॅमिक" हा शब्द आता डब्यावर रंगासारखा लावला जातो, आत काय आहे ते डबा सांगत नाही. भरलेली गाडी, ट्रॉली, घाट, रान यातलं काही नेमाने असेल तर माझं मत सेमी मेटॅलिकच्या बाजूने. जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढाच प्रवास असेल तर कंपनीने दिलेल्या प्रकारापासून हलू नका.

डब्यापेक्षा पॅडची पाठ वाचा. पॅडच्या कडेवर किंवा पाठीवरच्या पत्र्यावर एक कोड छापलेला असतो, त्याच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं. पहिलं अक्षर कमी तापमानाला किती घर्षण मिळतं ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफएफ दिसलं तर थंड आणि गरम दोन्हीकडे सारखी पकड. एफई दिसलं तर तापल्यावर पकड घसरणार, वजनदार गाडीला नको. जीजी बघून खूश होऊ नका. पुढे फार पकडणारे पॅड आणि मागे तेच जुने ड्रम, असं झालं तर दोन्हींचा समतोल बिघडतो आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधी अडतात. आणि हे अक्षर फक्त घर्षण सांगतं. पॅड किती टिकेल, पत्र्यापासून सुटेल का, यातलं काही त्यात नसतं.

पाठीवर गोलात इंग्रजी ई आणि पुढे आकडा, शिवाय ९०आर असं दिसलं, तर ते पॅड युरोपच्या आर-९० नियमाला तपासलेलं असतं. त्या नियमात बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडपासून १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. आपल्याकडे त्याची सक्ती नसली तरी ओळखीच्या खुणेइतका उपयोग होतो. काहीच छापलेलं नसलेलं, नुसतं रंगवलेलं पॅड कितीही स्वस्त असो, परत द्या. कंपनीच्या डब्यातले नकली पॅडही फिरतात. जुनं पॅड सोबत न्या आणि पत्र्याची जाडी, कंगोरे, मागची शिम (पातळ पत्रा), झीज दाखवणारी पत्ती एकेक जुळवून बघा. नकली मालात शिम पातळ किंवा गायबच असते.

टायर मोठे केलेल्यांसाठी एक ओळ: टायर ५ टक्क्यांनी उंच झाला की त्याच पेडलला रस्त्यावर मिळणारं ब्रेकचं बळ जवळपास ५ टक्क्यांनी घटतं. मित्र लोक आधी टायर वाढवतात आणि मग पॅडला शिव्या घालतात.

बसवताना

जुने पॅड काढले की आतलं आणि बाहेरचं शेजारी ठेवून बघा. एक निम्मं झिजलेलं आणि दुसरं नव्यासारखं असेल तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिना जाम आहेत. त्या काढून पुसा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. डब्यातलं साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतात आणि पिना आणखी जाम होतात. पिस्टन मागे ढकलताना ब्लीडिंग निपल (ऑइल बाहेर सोडायचं तोंड) उघडा, म्हणजे जुनं मळकं ऑइल वर एबीएसमध्ये जाण्याऐवजी बाहेर पडेल. कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. धूळ कंप्रेसरने उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

नव्या डिस्कवर गंज न धरण्यासाठी तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पूर्ण काढायचा. पेट्रोलने पुसून काम भागवतात, पण चिकटपणा राहतो आणि नवं पॅड पहिल्याच दिवशी तो पितं. नवी डिस्क असेल तर पॅड नवेच. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चर उमटलेले असतात.

तो स्क्रू. बोटाएवढाही नाही, चहाच्या किमतीचा. नवा आणा, चुडीला (आट्यांना) जरा तांब्याचं अँटी-सीझ, म्हणजे गंजून अडकू न देणारी पेस्ट, लावून घाला. मग डगमग मोजा, हवी तेवढी नसेल तर डिस्क एकेक बोल्ट सरकवत जा, आणि जुळलेल्या जागी हबवर व डिस्कवर रंगाचा ठिपका ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. तुमच्या गाडीत स्क्रूचं भोक डिस्कला एकाच जागी बसू देत असेल तर सरकवायला वाव नसतो. माझ्या डिस्कला दोन भोकं होती, तरी मनासारख्या जागेसाठी हबवर नवी चुडी पाडून घ्यावी लागली.

व्हील नट चांदणी काढतो तसे, समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. शेवटची आवळणी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेला ताण आला की कट वाजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. नट आवळायची गन लावायची तर नट फक्त टेकवण्यापुरती.

मग पॅड डिस्कवर रुळवायचे. रिकामा रस्ता बघा. ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम दाबाने आणा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा. मग दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवत थंड होऊ द्या. यात डिस्कवर पॅडच्या मसाल्याचा पातळ, सारखा थर बसतो. पूर्ण थांबू नका, यावर माझा जोर आहे. तापलेल्या डिस्कवर पॅड एका जागी दाबून धरलं तर तिथे मसाल्याचा शिक्का उमटतो. ही सवय पुढेही ठेवा. सावळेश्वर टोलला १०० वरून येऊन थांबलात आणि पाय तसाच दाबून ठेवलात की तोच शिक्का. गाडी थांबली की पाय सैल करा, लागलं तर इंचभर पुढे घ्या. आणि तुळजापूरहून आल्या आल्या गाडी वॉशिंग सेंटरला घालून तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा फवारा मारू नका. अर्धा तास चहा प्या.

ब्रेक ऑइलही दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळायला हवं, पाणी शोषलेलं १५५ पर्यंत उतरू शकतं. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. उकळलं की बुडबुडे होतात आणि पेडल थेट फ्लोअरला. डॉट ५ नावाचं ऑइल सिलिकॉनचं असतं, ते यांत कशातच मिसळायचं नाही. ५.१ वेगळं, ते चालतं.

एवढं करूनही परत आलं तर

तर पुन्हा डिस्क विकत घेऊ नका. डायल गेज परत लावा. आकडा वाढला असेल तर हब, बेअरिंग किंवा नट यांपैकी काहीतरी हललंय. आकडा तोच असेल आणि जाडीत फरक पडला असेल तर कॅलिपर पूर्ण सुटत नाही, होज आतून फुगला असेल किंवा पिना जाम असतील. जाडीही सारखी असेल तर मसाल्याचे डाग आहेत. आधी वर सांगितलेली ६० ची कवायत पुन्हा करून बघा, बऱ्याचदा डाग तेवढ्याने निघतात. आणि त्यानंतरही थरथर राहिली तर बॉल जॉइंट, स्टेअरिंगची जोडणी, सस्पेन्शनचे बुश बघा. झिजलेले बुश थरथर निर्माण करत नाहीत, पण बारीक थरथर मोठी करून हातात देतात.

माझी नवी जोडी आता १९ हजार किलोमीटर चाललीय. परवा बागेतून येताना पुन्हा डावं पुढचं चाक बसलं, पुन्हा बाभूळच. पंक्चरवाल्याने गन खाली ठेवली आणि हात पुढे केला. "द्या मालक, तुमचा तो कटकट करणारा पाना द्या."